मशीनला शिकवणारी मावशी

बाळंतपणाची रजा संपवून मी कामावर परतले, तेव्हा माझं टेबल दुसऱ्या कुणाला दिलेलं होतं. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. सहा महिने खुर्ची रिकामी कशी ठेवणार? साहेब म्हणाले, "सध्या तुम्ही तपासणी विभागात बसा, मग बघू." तपासणी विभाग म्हणजे शेडच्या मागची लांबलचक खोली. इंजिनियर लोक तिथे सही करायला जात, बसायला नाही. तिथे बायका बसत.

सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीतली आमची कंपनी गाड्यांसाठी रबरी सील बनवते. सील म्हणजे तळहातावर मावेल अशी काळी कडी. तिच्या कडेला केसाएवढी चीर राहिली तरी इंजिनातून तेल गळतं, म्हणून प्रत्येक कडी कुणाच्या तरी डोळ्यांखालून जावी लागे. दोन लांब टेबलं, वर प्रखर ट्यूबलाइट, आणि दोन्ही टेबलांवर मिळून सोळा बायका. डावीकडे न तपासलेला ढीग, उजवीकडे चांगला माल, मध्ये खराब मालाचा लाल ट्रे. दिवसभर कडी उचलायची, दोन बोटांवर ताणायची, फिरवायची, ठेवायची. सगळी ठेकेदाराची माणसं. कंपनीच्या पटावर एकीचंही नाव नव्हतं, मग ती कितीही वर्षं येत असो.

त्यांच्यात सगळ्यात जुनी होती मावशी. पन्नाशी ओलांडलेली, सिन्नरहून सायखेड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावातली. गावातल्या आणखी चौघींना तिनेच या कामावर आणलं होतं. पाचही जणी एकाच जीपने यायच्या, एकाच जीपने जायच्या, डबाही एकत्र खायच्या. मावशी टेबलाच्या टोकाला बसायची. ढिगाकडे बघायचीही नाही. कडी अंगठ्यावरून फिरली की तिला कळायचं.

मी तिथे बसायला लागल्यावर दोनच आठवड्यांत एका गिऱ्हाईकाने माल परत पाठवला. आम्ही तिघा इंजिनियरांनी भिंगाखाली कड्या तपासल्या, मोजमापं घेतली, काही सापडेना. शेवटी मी चार कड्या घेऊन मावशीपाशी गेले. तिने डोळे मिटले, अंगठा फिरवला आणि तिसरी कडी माझ्यापुढे धरली.

"इथं बघा. साच्यानं चावलंय."

"मला तर काही दिसत नाही, मावशी."

"दिसायचं नाय ते. हात फिरवा."

मी हात फिरवला. तरी कळलं नाही. पण साचा उघडून बघितला तर तिने सांगितलं त्याच जागी बारीक टवका उडालेला होता. त्या दिवसापासून मी तिच्या शेजारची खुर्ची घेतली.

आमच्यात जवळीक व्हायला आणखी एक कारण होतं, आणि ते लिहिल्याशिवाय पुढचं लिहिण्यात अर्थ नाही. माझं बाळ नाशिकरोडला सासूबाईंपाशी असायचं. दुपार झाली की माझी छाती दुधाने भरून दुखायला लागायची. कंपनीत बायकांसाठी म्हणून एक स्वच्छतागृह होतं, त्याच्या दाराला धड कडीकोयंडा नव्हता. एकदा ओढणी भिजली तेव्हा मी ती फाइलने झाकून उभी होते. मावशीने ते बघितलं. तिने मला पॅकिंगच्या खोक्यांच्या खोलीत नेलं, एक खोकं उलटं करून बसायला दिलं आणि स्वतः दाराला पाठ लावून बाहेर उभी राहिली. पुढे चार महिने रोज दुपारी ती तशीच उभी राहायची. तिच्या जेवणाच्या अर्ध्या तासातली पंधरा मिनिटं जायची त्यात. कुणी विचारलं तर सांगायची, "मॅडम खोके मोजताय."

बाहेर ती मला 'तुम्ही' म्हणायची. त्या दाराआडून मात्र 'पोरी' म्हणायची. "पोरी, घाई करू नको. मी हाय हितं."

त्याच सुमारास साहेबांनी मला बोलावलं. तपासणीसाठी कॅमेऱ्याचं मशीन आणायचं ठरत होतं. कड्या पट्ट्यावरून जाणार, वर चार कॅमेरे, आणि खराब कडी हवेच्या फुंकरीने बाजूला. काम पुण्याच्या एका लहानशा फर्मला दिलं होतं. आमच्या बाजूने कुणीतरी सगळं बघायला हवं होतं. "तुम्ही आता तिथेच बसता, तुम्हालाच सगळं माहीत आहे," साहेब म्हणाले. मला किती आनंद झाला ते मला आठवतं. मागच्या खोलीतून बाहेर पडायची ती वाट होती. व्यवस्थापनापुढे मांडायच्या सादरीकरणात एक पान होतं: आत्ता तपासणीला किती माणसं लागतात आणि मशीन आल्यावर किती लागतील. डाव्या बाजूला सोळा, उजव्या बाजूला एक. ते पान मी स्वतः केलं. आकडे मीच घातले. त्यांना रंगही मीच दिला. उजव्या बाजूच्या आकड्याला हिरवा.

पुण्याहून एक मुलगा आणि एक मुलगी, असे दोन तरुण इंजिनियर लॅपटॉप घेऊन आले. मशीनला आधी शिकवावं लागेल, असं त्यांनी सांगितलं. हजारो कड्यांचे फोटो काढायचे आणि प्रत्येक फोटोवर कुणीतरी जाणत्याने सांगायचं, ही चांगली, ही वाईट, आणि वाईट असेल तर कुठे. त्यावरून मशीन आपलं आपण ओळखायला शिकेल. "तुमच्याकडे सगळ्यात चांगली नजर कुणाची आहे?" त्या मुलीने विचारलं.

मी क्षणाचाही विचार न करता मावशीचं नाव सांगितलं. अभिमानाने सांगितलं, हे विशेष.

मावशीला एसीच्या खोलीत खुर्ची मिळाली. पहिल्या दिवशी ती खुर्चीच्या अगदी काठावर बसली होती. माउस तिने असा धरला की जणू पिल्लू हातातून निसटेल. पडद्यावर कडीचा मोठा फोटो यायचा, खाली हिरवं बटण आणि लाल बटण. तिला अडचण आली ती वेगळीच. "हितं हात कुठं फिरवू?" ती म्हणाली. इतकी वर्षं अंगठ्याने कळत आलेलं आता डोळ्यांनी शोधायचं होतं. आम्ही खरी कडी तिच्या हातात देऊ लागलो. ती आधी अंगठा फिरवायची, मग पडद्यावर तीच जागा शोधायची, आणि तिथे माउसने गोल काढायची. म्हणजे तिच्या बोटातलं ती स्वतःच आधी डोळ्यांना शिकवत होती, आणि मग मशीनला.

दोषांची इंग्रजी नावं तिला ठाऊक नव्हती, तिची स्वतःची होती. रबर पुरेसं न भरलेली कडी 'उपाशी'. कडेला जास्तीचं रबर लोंबत असेल तर 'मिशी'. आत हवेचा फुगा राहिला असेल तर 'तोंड आलेली'. पुण्याच्या मुलीला ही नावं इतकी आवडली की तिने लॅपटॉपात तीच घातली. आजही आमच्या मशीनच्या आत कुठेतरी रोमन अक्षरांत उपाशी आणि मिशी लिहिलेलं आहे. आम्ही तिघीही हसायचो. मावशी आठवडाभरात खुर्चीत मागे टेकून बसू लागली. तीन महिने तिने हे केलं. इतकी खूश मी तिला टेबलावर कधी पाहिली नव्हती. जीपमध्ये ती सांगायची म्हणे, "आज मी मशीनला दोनशे कड्या शिकवल्या."

एका दुपारी, पुण्याचे दोघे चहाला गेलेले असताना, तिने माउस बाजूला ठेवला आणि माझ्याकडे वळली.

"मॅडम, एक विचारू का?"

"विचारा की."

"हे समदं शिकलं, मंग आमचं काय?"

माझ्या समोरच्या लॅपटॉपात ते पान होतं. डावीकडे सोळा, उजवीकडे एक. मी म्हणाले, "अहो मावशी, मशीन तुमच्या मदतीला आहे. तुमचे डोळे दुखतात, मान दुखते, ते काम मशीन करेल. तुम्ही मशीनवर बसाल."

"समद्या?"

"हो. सगळ्या कामाला लागतीलच ना."

 ती म्हणाली, "बरं. तुम्ही म्हणताय म्हंजे झालं," आणि पुन्हा पडद्याकडे वळली.

मी पुष्कळदा स्वतःला समजावलं आहे की मला तसंच वाटत होतं, कंपनी त्यांना दुसरीकडे घेईल अशी मला आशा होती. पण आशा होती असंही नाही. मी त्या प्रश्नाचा विचारच करायचा नाही असं ठरवलं होतं, आणि तिने तो विचारला तेव्हा तोंडाला आलं ते बोलून मोकळी झाले. मला त्या आठवड्यात तिचे आणखी सहाशे फोटो हवे होते.

बाहेरच्या टेबलावर मात्र कुजबुज सुरू झाली होती. मावशीच्या गावातल्या चौघींपैकी एक तरुण होती, बारावीपर्यंत शिकलेली, बोलायला तिखट. तिने सगळ्यांना सांगितलं की आपण या मशीनला काहीही मदत करायची नाही. खराब कड्या मुद्दाम चांगल्यांत टाकायच्या, म्हणजे मशीनला काही कळणारच नाही. हे ऐकून मी घाबरले. नमुन्याच्या कड्या त्याच टेबलावरून येत होत्या. पण मला काही करावं लागलं नाही. मावशीच जेवणाच्या वेळी उठली. मी दाराशी होते, मला सगळं ऐकू आलं.

"मी इचारलंय मॅडमला," ती म्हणाली. "कुणाचं काम जाणार नाय. मॅडमनी तोंडानं सांगितलंय."

"आणि गेलं तर?" ती तरुण बाई म्हणाली.

"गेलं तर मला इचार. मी आणलंय ना तुम्हाला हितं."

त्या चौघींनी डबे उघडले. मी दारातून मागे सरकले. त्या वेळी आत जाऊन एक वाक्य बोलले असते तर! नाही बोलले. उलट मला हायसं वाटलं.

मशीन चालू झालं त्या दिवशी साहेबांनी एक चाचणी ठेवली. शंभर कड्यांचा ट्रे एकदा मावशीपुढे, एकदा मशीनपुढे. त्याआधीच्या चाचण्यांत मशीन हरत आलं होतं, आणि दर वेळी मावशीने बसून त्याच्या चुका त्याला दाखवून दिल्या होत्या. या वेळी दोघांचं उत्तर तंतोतंत जुळलं. तिला पाऊण तास लागला, मशीनला दोन मिनिटं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पेढे वाटले. मावशीला शाल आणि नारळ दिला आणि मशीनशेजारी उभं करून तिचा फोटो काढला. तो फोटो कंपनीच्या दर्शनी भिंतीवर बरेच दिवस होता. त्यात ती शाल सावरत हसते आहे, आणि मी तिच्या मागे अर्धी दिसते. महिन्याभरात माझं पद वाढलं आणि पुढच्या इमारतीत खिडकीजवळचं टेबल मिळालं.

बायका कमी झाल्या त्या गाजावाजा न होता. कंपनीने कुणालाच काढलं नाही. ठेकेदाराचा माणूस फोन करायचा, "उद्यापासून येऊ नका, लागलं तर कळवतो." आधी चार गेल्या, मग आणखी पाच, त्यात मावशीच्या गावातल्या तिघी. टेबल एकच उरलं. मावशी पुढच्या इमारतीत एकदा आली होती मला विचारायला. मी म्हणाले, "ठेकेदाराचं आहे हो ते, माझ्या हातात नाही." हे खरंच होतं. म्हणूनच ते बोलायला सोपं गेलं.

शेवटी दोघी राहिल्या, मावशी आणि ती बारावी शिकलेली तरुण बाई. मशीनला ज्या कड्यांबद्दल शंका येते त्या वेगळ्या पडतात, त्या बघायला एक माणूस लागणार होतं. साहेबांनी मला विचारलं, "दोघींपैकी कोण ठेवायची? तुम्हीच सांगा, तुम्हाला माहीत आहेत." या वेळी सगळं माझ्याच हातात होतं.

मी तरुण बाईचं नाव दिलं. कारण लिहून दिलं की तिला संगणकावर नोंदी करता येतात. तेही खोटं नव्हतं. पण खरं कारण दुसरं होतं, आणि ते मी आजवर घरातही कुणाला सांगितलेलं नाही. मावशी राहिली असती तर मला रोज तिच्याकडे बघावं लागलं असतं. ती गेली की सुटले, असं मला वाटलं.

शेवटच्या दिवशी ती निरोप घ्यायला आली. काचेच्या भिंतीतून मला ती येताना दिसली. हातात डब्याची पिशवी, अंगावर ती शाल. मी मोबाइल उचलून कानाला लावला. पलीकडे कुणीच नव्हतं. मी "हो, हो, पाठवते" असं काहीतरी बोलत राहिले. ती काचेपाशी थांबली. मी हाताने 'एक मिनिट' अशी खूण केली आणि पाठ फिरवली. ती किती वेळ उभी होती मला माहीत नाही. वळून बघितलं तेव्हा ती दारातून बाहेर पडत होती.

त्यानंतर काही महिने तिच्या फोनवरून रोज सकाळी एक फुलांचं चित्र यायचं, 'शुभ सकाळ' लिहिलेलं. तिच्या सुनेने तिला पाठवायला शिकवलं असावं. मी वाचल्याची खूण दिसू नये अशी सोय मोबाइलमध्ये करून घेतली. मग एक दिवस चित्रं यायची थांबली.

दोन वर्षं अशीच गेली. बाळ शाळेत जाऊ लागलं. कंपनीची बस रोज मोहदरीचा घाट चढायची, सिन्नरच्या स्टँडवरून जाताना बाहेर जीपची वाट बघणाऱ्या बायका दिसायच्या, आणि मी मोबाइलमध्ये डोकं घालून बसायचे. मग गेल्या थंडीत रबराचा पुरवठादार बदलला. नव्या रबराला जास्त चकाकी होती. कॅमेऱ्यांना त्या चकाकीत काही दिसेना आणि मशीन खराब कड्या बिनदिक्कत पुढे सोडायला लागलं. गिऱ्हाईकाकडून ट्रकभर माल परत आला. साहेब माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "ती तुमची मावशी कुठे असते हल्ली? पंधरा दिवस बोलवा तिला. मशीनला पुन्हा शिकवायला लागेल."

फोन करायचं धाडस झालं नाही. एका सुट्टीच्या दिवशी मी नवऱ्याला कारण न सांगता स्कूटरवर निघाले. पत्ता त्या तरुण बाईने सांगितला. सांगताना ती एवढंच म्हणाली, "आमच्यात तिचं फारसं जाणं-येणं नाहीये आता." मी का म्हणून विचारलं नाही.

मावशी घरीच होती, अंगणात मिरच्या निवडत. मला बघून ती उठली, पाणी दिलं, बाळाची चौकशी केली. केस पांढरे झाले होते. चहा झाला. ती सध्या द्राक्षांच्या पॅकिंगला जाते म्हणाली. घडातले खराब मणी कात्रीने काढायचे. मी मशीनचं सगळं सांगितलं आणि म्हणाले, "साहेबांनी विचारलंय, पंधरा दिवस याल का?"

तिने चहाची कपबशी आत नेऊन ठेवली. परत आली आणि उभ्यानेच म्हणाली, "मॅडम, तव्हा मी तुम्हाला इचारलं व्हतं. तुम्हाला ठाव व्हतं का?"

खोटं बोलायला तोंड उघडलं होतं, हे मी कबूल करते. तयार वाक्यं होती माझ्याकडे. ठेकेदार, कंपनी, वरचे लोक. पण ती उभी होती आणि मी बसले होते आणि ती वाट बघत होती.

"होतं," मी म्हणाले. "आधीपासून माहीत होतं."

"मला वाटलंच."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती पुन्हा मिरच्यांपाशी बसली. एकेक देठ मोडू लागली.

"काम काय, एक गेलं दुसरं मिळालं," ती म्हणाली. "त्याचं नाय काही. पण मी त्या बायांना शब्द दिला व्हता. तुमच्या जिवावर. त्या म्हणत्यात मला समदं ठाव व्हतं, मला शाल मिळाली, खुर्ची मिळाली, म्हणून मी बोलले नाय. दोन वर्षं झाली. द्राक्षाच्या एकाच शेडात काम करतो आम्ही. जीपमदी मी पुढं ड्रायव्हरपाशी बसते, त्या मागं. हळदी-कुंकवाला सुदिक बोलवत नाय."

 तिने माझ्याकडे बघितलं.

"मी तुमच्या कंपनीत येणार नाय. पन तुम्ही उद्या शेडात या. त्यांच्यासमोर सांगा, मावशीला ठाव नव्हतं म्हणून."

घरी येऊन मी रात्रभर, खरं सांगायचं तर, न जाण्याची कारणं शोधत होते. सकाळी कंपनीत अर्ध्या दिवसाची रजा कळवली.

शेड सायखेड्याच्या अलीकडे, रस्त्याला लागून होतं. आत थंडगार, द्राक्षांचा गोडसर वास, आणि टेबलांच्या रांगा. त्या रांगा बघून क्षणभर मी आमच्याच मागच्या खोलीत उभी आहे असं वाटलं. बायकांच्या डोक्यावर जाळीच्या टोप्या होत्या, हातात बारीक कात्र्या. मावशी एका टोकाला, त्या तिघी पार दुसऱ्या टोकाला. मुकादम बाईने पाच मिनिटं दिली. मावशी मला त्या तिघींपाशी घेऊन गेली. त्यांनी मला लगेच ओळखलं. कात्र्या थांबल्या नाहीत.

मी सुरुवात केली. "तुम्हाला कामावरून कमी केलं, त्यात मावशीची काही चूक नव्हती. कंपनीने ते आधीच ठरवलं होतं..."

"कंपनी नाय," मावशी मध्येच म्हणाली. "तुम्ही सांगा, तुम्हाला काय ठाव व्हतं."

 आजूबाजूच्या टेबलांवरच्या बायकाही बघायला लागल्या होत्या.

"मला माहीत होतं," मी म्हणाले. "सोळाजणींतली एकच ठेवायची आहे, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तो कागद मीच केला होता. मावशीने मला सरळ विचारलं, आणि मी तिला खोटं सांगितलं. ती तुम्हाला जे बोलली ते माझं खोटं होतं. तिला काहीच माहीत नव्हतं. तिलाही मीच काढायला लावलं."

हे शेवटचं मावशीलाही ठाऊक नव्हतं. माझ्या तोंडून ते निघून गेलं आणि मग मी तिच्याकडे बघितलं. ती टेबलावरचा एक घड उचलून फिरवून बघू लागली.

तिघींतली एक म्हणाली, "आता सांगून काय उपयोग?" दुसरी घडातला एक मणी कापून खाली टाकत म्हणाली, "दोन वर्षं लागली व्हय एवढं बोलायला?" तिसरीने मान वर केलीच नाही. मुकादम बाईने घड्याळाकडे बोट दाखवलं. मी "माफ करा" असं म्हणाले, पण कुणाला म्हणाले ते मलाच सांगता येणार नाही. मावशी मला दारापर्यंत सोडायला आली नाही. ती आपल्या टेबलाकडे परत गेली होती.

साहेबांना मी सांगितलं की ती येत नाही म्हणाली. मशीनला मग त्या बारावी शिकलेल्या बाईनेच पुन्हा शिकवलं. बसण्याआधी तिने मला विचारलं, "हे झाल्यावर मी राहणार का?" मी तिला खरं सांगितलं, "मला माहीत नाही, पण बहुतेक नाही." ती म्हणाली, "ठीक आहे," आणि माउस हातात घेतला. खरं सांगितल्याने तिची नोकरी थोडीच पक्की झाली? फक्त तिला वेळेवर दुसरी बघता आली. उन्हाळ्यात ती सोडून गेली.

जायच्या आधी तिने मला एक गोष्ट सांगितली. मावशी आता जीपमध्ये मागे बसते, त्या तिघींबरोबर. डबाही एकत्र असतो.

"माझ्याबद्दल काही बोलते का?" मी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "तुमचा विषय निघाला की ती दुसरंच काहीतरी बोलायला लागते."